हुआच्या वर्तुळावरची रेघ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले, आणि मी उभी राहण्याआधीच मला घड्याळ दाखवून ठेवलेले आदरणीय डीन होल्गीन साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेली सन्माननीय विश्वस्त मंडळी. समाजशास्त्र विभागातले सगळे आजी-माजी प्राध्यापक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, आणि ज्यांना आपलं कौतुक ऐकताना खुर्चीत अवघडून बसायची जुनी सवय आहे, त्या आपल्या सेता गराबेदियन बाई. आणि समोर बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो. सर्वांना माझा नमस्कार.

मी काझुआ थाओ. चौदा वर्षांपूर्वी याच कॉलेजात बाईंची विद्यार्थिनी होते. इथे दोन वर्षं मानववंशशास्त्र शिकले, मग ट्रान्सफर घेऊन विद्यापीठात गेले, आणि आता उत्तरेकडच्या एका कम्युनिटी कॉलेजात हाच विषय शिकवते. म्हणजे तुमच्या दृष्टीने मी यशस्वी झालेली माजी विद्यार्थिनी. पत्रिकेत तसंच छापलंय. पत्रिका छापणाऱ्यांचे आभार, फोटो जरा बरा टाकला असता तर चाललं असतं.

आज माझ्यासोबत माझी आई आली आहे. येर शाँग तिचं नाव. ती बघा, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन. तिला पुढे बसा म्हणून तुमच्यातल्या तिघांनी सांगितलं, ती काही हलली नाही. तिचं इंग्रजी बाजारापुरतं आहे. त्यामुळे मी आत्ता जे बोलणार आहे ते तिला फारसं कळणार नाही. तिचं हे न कळणंच मला आज पुसून टाकायचंय. पण जरा क्रमाने सांगू द्या, नाहीतर मी गडबडेन.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या क्षेत्रअभ्यासाच्या वर्गाबद्दल फार छान सांगितलं. पुस्तक मिटा आणि माणसांकडे जा, असा तो वर्ग. तो आठ वर्षांपूर्वी बंद पडला याबद्दल सगळ्यांनी हळहळही व्यक्त केली, आणि हळहळताना एक डोळा डीनसाहेबांकडे ठेवला. साहेब, मी पाहिलं हो. तो वर्ग का बंद पडला ते मला ठाऊक आहे. साहेबांचा त्यात काही दोष नाही.

आपल्या कॉलेजचा नियम तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या आठवड्यात पट मोजतात. वीस नावं नसतील तर वर्ग रद्द. आणि तो एक वर्ग झाला नसता तर माझी ट्रान्सफर वर्षभर लांबणार होती. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आमची नावं होती एकोणीस. मग आपण सगळेच जे करतो ते मी केलं. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी आपापल्या मावश्या आणि मेहुणे असे वर्गात आणून बसवलेत. मी आईला आणलं.

आई तेव्हा एकोणपन्नास वर्षांची. पहाटे शेतावर जायची, शनिवारी बाजारात गवती चहा, कारली, कोथिंबीर विकायची. मी म्हटलं, "आई, नुसतं नाव दे. तीन आठवडे बस, मग सोड."

"काय शिकवतात तिथे?"

"माणसं कशी राहतात, कुणाचं कुणाशी काय नातं लागतं, कुणाशी लग्न चालतं..."

"आणि हे शिकायला तू कॉलेजात जातेस?" आई म्हणाली. "घरात मी मेले होते का?"

पण आली. आणि गंमत अशी की तिला वर्ग आवडला! ती आली त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लाओसच्या डोंगरांतून आलेल्या आम्हा हमोंग लोकांच्या कुळांचं चित्र काढलं. आई शेजारी चुळबुळ करायला लागली. मला म्हणाली, "त्यांना सांग, हे चुकलंय." मी म्हटलं, "गप्प बस गं, पुस्तकात तसंच आहे." तोवर ती उठून फळ्यापाशी गेलेली. बाईंच्या हातून खडू घेतला, एक रेघ पुसली, दुसरी काढली, आणि परत येऊन बसली. थाओ मुलीने थाओ मुलाशी लग्न करायचं नाही, मग तो जगाच्या टोकाला का जन्मलेला असेना. मामाच्या घरी चालतं. बाई फळ्याकडे बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "गेली बारा वर्षं मी हे चुकीचं शिकवत होते." बाई, तुम्हाला आठवतंय ना? मी आईला तुमचं वाक्य सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बाई चांगली आहे. चूक लगेच कबूल करते." चौदा वर्षं हे वाक्य माझ्या कानात आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. वर्गात बाई जे बोलायच्या ते आईला माझ्या तोंडून कळायचं, आणि आई जे बोलायची ते बाईंना माझ्या तोंडून. आमच्याकडच्या सगळ्या मुलांचं बालपण यातच जातं. डॉक्टरकडे मी, शाळेत पालकांच्या भेटीला मी, सरकारी कचेरीत मी. सातव्या वर्षी माझ्याविरुद्धची तक्रार मास्तरीणबाईंनी आईला माझ्याकडूनच सांगवली होती. अर्थात आईला कळलं ते एवढंच, की मी फार गुणी आहे. तुम्ही हसताय. मीही खूप वर्षं हसत होते.

सहाव्या आठवड्यात नात्यांच्या तक्त्याचं काम आलं. दोघादोघांनी मिळून करायचं, दोघांना मिळून एकच श्रेणी. स्त्री म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे त्रिकोण, लग्नाला दोन आडव्या रेघा, आणि मेलेल्या माणसावर तिरकी काट. आई आणि मी जोडीदार. वर्गातच तिने पेन्सिलीने काढायला घेतलं. हात काय सरसर चालत होता तिचा! आजी-आजोबा, पणजोबा, सगळ्यांवर काट. माझे वडील त्याच्या दोन वर्षं आधी गेले होते. त्यांच्या त्रिकोणावरही तिने स्वतःच्या हाताने काट मारली. त्यांचं चार दिवसांचं कार्य आम्ही सगळं रीतसर केलं होतं, वाट दाखवायचं गाणं म्हणून त्यांना त्यांच्या माणसांत पोचवलं होतं. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

मग खाली मुलं. मी थोरली, माझ्यामागे तीन भाऊ. पण आईने माझ्या डाव्या बाजूला आणखी एक वर्तुळ काढलं.

मी म्हटलं, "हे कोण?"

आई म्हणाली, "हुआ."

बघा, नाव ऐकताच तिने मान वर केली. आई, बस गं. सांगते.

हुआ माझी बहीण. दोन वर्षांची होती. आमची माणसं लाओसमधून पळून सीमेवरच्या नदीकडे निघाली तेव्हा आई तापाने फणफणली होती, म्हणून वडिलांनी आईला पाठीवर घेतलं आणि हुआला वडिलांच्या काकूने. काठावर गोळीबार झाला. माणसं पांगली. आई-वडील पलीकडे पोचले. काकूची टोळी पोचली नाही. निर्वासितांच्या छावणीत पुढची पाच वर्षं आई रोज फाटकाशी उभी राहून नव्याने येणाऱ्यांना विचारायची. कुणी म्हणालं, ती परत डोंगरात गेली. कुणी काही म्हणालं नाही.

वीस वर्षांच्या वयात, वर्गात, एकोणीस लोकांमध्ये बसून मला हे कळलं. आईला ते सांगायला इतकी वर्षं तोंड सापडलं नव्हतं, आणि एका वर्तुळाने ते सांगून टाकलं. यासाठीही बाईंचेच आभार मानायला हवेत.

आईने ते वर्तुळ मोकळं ठेवलं. मी म्हटलं, "आई, काट मारायची की नाही ते ठरवायला लागेल. जिवंत की मेलेली?"

"माहीत नाही."

"पंचेचाळीस टक्के मुलं तेव्हा... आई, ती दोन वर्षांची होती." हा टक्क्याचा आकडा मी तिथल्या तिथे बनवला, हेही आज सांगून टाकते.

"तिला कुणी वाट दाखवली?" आई म्हणाली. "कुणी गाणं म्हटलं तिच्यासाठी? नाही ना? मग ती मेली कशी? जिवंत माणसाला मेलेलं म्हटलं की त्याचा जीव घाबरतो, पोरी. वाट सोडून पळतो. तिला आधीच एकदा सोडलंय मी."

बाई तेव्हा बाकांमधून फिरत आमच्यापाशी आल्या होत्या. वर्तुळ बघून मला म्हणाल्या, "तिला मोकळं राहू दे. आईला सांग, माहीत नाही हेही उत्तर असतं." आईने विचारलं, "काय म्हणाल्या?" आणि मी सांगितलं, "काही नाही. लवकर पुरं करा म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात बसून मी तो तक्ता शाईने पक्का केला. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, एकही चिन्ह अपुरं ठेवू नये. मला ट्रान्सफरसाठी वरची श्रेणी हवी होती. मी पट्टी ठेवली आणि हुआच्या वर्तुळावर काट मारली.

फक्त श्रेणीसाठी? माझ्या वर्गात शिकवताना मी हा प्रसंग एका "ओळखीच्या विद्यार्थिनीचा" म्हणून सांगते, आणि श्रेणीसाठी असंच सांगते. खरं तसं नाही. वीस वर्षं मी थोरली होते. भावांना आंघोळ घालणारी, सगळीकडे आईचं तोंड होणारी, बाप गेल्यावर कार्याला पुढे उभी राहणारी. आणि एका दुपारी कळतं की आपण थोरल्या नाहीच, आणि आई रात्रंदिवस जिची वाट बघत आली ती आपण नव्हे. मला राग आला होता. मला ती मेलेली हवी होती. हे मी आजवर कुणापुढेही बोललेले नाही.

तक्ता तपासून आला. वरची श्रेणी मिळाली. पण हुआच्या वर्तुळाशेजारी, कोपऱ्यात, बाईंनी लाल शाईत दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. मी घरी तो कागद लपवला, आणि आईला तो कणगीसारख्या आमच्या तांदळाच्या डब्यामागे सापडला. माझी लपवायची जागाही तिनेच शिकवलेली, दुसरं काय होणार. ती कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"हे लाल कुणी लिहिलं?"

"बाईंनी."

"आणि ही काट?"

मी एवढंच म्हणाले, "तीही बाईंनीच."

दोन शब्द हो. माझ्या तोंडून ते किती सहज निघाले!

आई दुसऱ्या दिवशी शेतावर गेली नाही. सरळ बाईंच्या खोलीत आली, मला सोबत घेऊन, कारण माझ्याशिवाय ती बोलणार कशी? बाईंच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला चांगली समजत होते. माझ्या मुलीला तुम्ही का मारलंत?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई म्हणते, शेतावर काम वाढलंय. तिला वर्ग सोडायचाय."

बाई आईच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आईचे ओठ थरथरत होते. शेतावर काम वाढलंय असं सांगताना कुणाचे ओठ थरथरत नाहीत. बाई म्हणाल्या, "तिला सांग, माझं काही चुकलं असेल तर मला तिच्याकडून ऐकायचंय."

आई म्हणाली, "काय म्हणतात?"

मी सांगितलं, "म्हणतात, नियम आहे."

त्यानंतर आई या आवारात आली नाही. आज आली ती चौदा वर्षांनी. पण गप्प बसेल तर ती माझी आई कसली? शनिवारच्या बाजारात, लग्नांत, कार्यांत, जिथे जिथे आमच्या बायका भेटतात तिथे तिने सांगितलं, "त्या बाईच्या वर्गात पोरांना घालू नका. ती जिवंत माणसांवर काट मारते." आमच्याकडे असा शब्द एकदा फिरला की फिरला. बाईंच्या त्या वर्गात निम्मी मुलं आमची असायची. पुढच्या वर्षी सात आली, मग तीन, मग एकही नाही. सहा वर्षांनी तिसऱ्या आठवड्यात पट मोजला तेव्हा अकरा नावं भरली. तेव्हा डीनसाहेब, तुम्हाला विनाकारण बोल लागला. ती नावं मी घालवली.

आणि बाई? बाईंनी मला ट्रान्सफरसाठी शिफारसपत्र दिलं. माझी दोन वर्षं इथे झाली आणि मी विद्यापीठात गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात मी आईच्या गाळ्यावर मदतीला उभी होते, तर समोर बाई. त्या दर शनिवारी बाजारात यायच्या म्हणे, आई त्यांना काही द्यायची नाही, मग शेजारच्या गाळ्यावरून घ्यायच्या. त्या दिवशी मला बघून थांबल्या आणि कारली मागितली. आईने माझ्याकडे न बघता म्हटलं, "म्हणावं हिला, संपली." पुढ्यात कारल्यांचा ढीग पडलेला! मी बाईंना म्हटलं, "संपली." बाईंनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं. आईला माझा नमस्कार सांग."

तो नमस्कारही मी पोचवला नाही.

बाईंना खरं माहीत होतं का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तक्त्याचा तो कोपरा मी, आईला कागद सापडला त्याच रात्री, फाडून ठेवला होता. आज सोबत आणलाय. वाचते. "ही काट कोणी ठरवली? वर्गात तुझ्या आईने हे वर्तुळ मोकळं ठेवलं होतं. मला येऊन भेट." मी भेटायला गेले नाही. म्हणजे काट कुणाची ते बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि आईचा चेहरा पाहून बाकीचंही कळलं असणार. त्यांनी एक शब्द काढला असता, दुसरा कुणी दुभाष्या बोलावून आईला खरं सांगितलं असतं, तर त्यांचा वर्ग वाचला असता आणि माझी ट्रान्सफर बहुतेक बुडाली असती. त्या बोलल्या नाहीत. बाई, मला याबद्दल तुमचे आभार मानता येत नाहीत. तुम्ही बोलायला हवं होतं, असं मला कित्येकदा वाटलंय. तुमच्यावर मी चिडलेही आहे, बघा, किती निर्लज्ज असतं माणूस.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. या समारंभात तू बोल म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, मला सोडून कुणालाही बोलवा." त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला घेऊन ये," आणि फोन ठेवला. मी आईला सांगितलं, कॉलेजात माझं भाषण आहे. तिने पहाटे उठून चिकट भात केला, कोंबडी शिजवली, माझ्या वर्गसोबत्यांसाठी म्हणून दोन डबे भरून आणले. दाराशी बाईंचा मोठा फोटो पाहिला तेव्हा तिला कळलं कार्यक्रम कुणाचा ते. परत फिरत होती. मी हात धरला तर म्हणाली, "तू बोल. मी तुझ्यासाठी बसते. तिच्याकडे बघणार नाही."

गेला अर्धा तास ती तशीच बसली आहे, भिंतीकडे तोंड करून.

डीनसाहेब, घड्याळ दिसतंय मला. संपवतेच. मला इथे उभं राहायला बोलावलंत याबद्दल कॉलेजची, विभागाची आणि संयोजकांची मी ऋणी आहे. इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असलं काही काढायला नको होतं, असं कुणाला वाटत असेल तर त्यांचंही चुकत नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर तेवढं मोठ्या मनाने पोटात घाला. बाकीचं मात्र घालू नका. ते माझं मला फेडायचंय.

आता आणखी पाच मिनिटं द्या. हेच सगळं मी आईला तिच्या भाषेत सांगणार आहे. बाई, तुम्ही जरा इकडे, माइकपाशी येऊन उभ्या राहता का? आई जे म्हणेल ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगेन. तिने मला शिव्या दिल्या तरी. तिने उठून जायचं ठरवलं तरी तेही सांगेन. आणि तुम्ही जे म्हणाल ते तिला. एकही शब्द गाळणार नाही.

आई. इकडे बघ. ती काट बाईंनी नाही मारली. मी मारली.